नेरूळ स्टेशन ते स्टेडियम : एवढ्याच रस्त्याची मागणी

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका
मा. व्यवस्थापकीय संचालक, सिडको

विषय : नेरूळ स्टेशन ते डी. वाय. पाटील स्टेडियम या रस्त्यावर मैदानाचा इतिहास मराठीत लावण्याबाबत.

महोदय,

मागणी छोटी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. नेरूळ स्टेशनातून बाहेर पडून माणसं ज्या रस्त्याने चालत स्टेडियमच्या गेटपर्यंत जातात, त्या रस्त्यावर या मैदानात आजवर काय काय घडलं ते मराठीत, चालता चालता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावं. पुतळा नको, कमान नको, चौकाचं नामकरण तर मुळीच नको. दहा-बारा फलक पुरेत. मात्र त्या फलकांवर कोणाचा इतिहास यावा याबाबत माझा हट्ट आहे, आणि पत्र लांबलं आहे ते त्या हट्टापायी.

माझी ओळख एवढीच की मी निवृत्त क्रीडाशिक्षिका. शाळेत सगळे मला ‘पीटीच्या बाई’ म्हणायचे. नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा दादरचे नातेवाईक ‘एवढ्या लांब?’ असं विचारायचे. १९९२ मध्ये लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली, मग पुढे सरकत गेली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. जासईला १९८४ मध्ये आंदोलक शेतकऱ्यांवर झालेल्या गोळीबाराबद्दल आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांनी दिलेल्या लढ्याबद्दल इथल्या कोणाला नव्याने सांगायची गरज नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. आखलेल्या शहरात रस्ते आधी येतात, इमारती येतात, माणसं येतात. पण ‘हे आमच्याकडे घडलं’ असं म्हणायला काही मिळेपर्यंत बराच काळ जातो. मोठा सामना बघायचा तर डबा घेऊन चर्चगेट गाठायचं, हाच आमच्या पिढीचा शिरस्ता होता.

गावांतलं क्रिकेट अर्थात सिडकोच्याही आधीचं. नेरूळ, शिरवणे, करावे, दारावे, कुठल्याही गावात हिवाळा लागला की टेनिस बॉलच्या स्पर्धा. हॅलोजनच्या उजेडात रात्रभर सामने, माईकवर आगरी बोलीतली कॉमेंट्री, आणि बक्षिसाला मोटारसायकल. त्या कॉमेंट्रीची सर टीव्हीवरच्या भल्याभल्यांना नाही. या स्पर्धांना मी हौसेने जायचे. मुली मात्र तिथे गच्चीवर किंवा दोरीच्या बाहेर. त्यांना कोणी हाकलायचं नाही, पण बोलवायचंही नाही.

अशा नेरूळमध्ये ४ मार्च २००८ ला डी. वाय. पाटील संस्थेच्या विद्यानगरात हे स्टेडियम उघडलं. आराखडा वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. छताला आतून खांबांचा आधार नाही, त्यामुळे कुठेही बसलात तरी मध्ये खांब येत नाही. वानखेडेच्या जुन्या स्टँडमध्ये मान तिरपी करून बसलेल्या माणसालाच या सोयीची खरी किंमत कळेल. मैदान खासगी आहे हे मला माहीत आहे. मी तुमच्याकडे मैदानाच्या आतलं काहीच मागत नाही.

उघडून तीन महिने होतात न होतात तोच पहिल्या आयपीएलची अंतिम लढत इथे झाली. १ जून २००८, राजस्थान विरुद्ध चेन्नई. चेन्नईच्या १६३ धावा, आणि शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी असताना सोहेल तन्वीर आणि शेन वॉर्न पळाले. युसुफ पठाणच्या ५६ धावा आणि तीन बळी. ज्या संघाला स्पर्धेआधी कोणी मोजत नव्हतं तो जिंकला, आणि ज्या उपनगराला ‘एवढ्या लांब’ म्हणायचे तिथे जिंकला. त्या रात्री नेरूळ स्टेशनवर निळ्या, पिवळ्या, गुलाबी टोप्या घातलेली जी गर्दी होती तशी आमच्या स्टेशनने आधी पाहिली नव्हती.

(गुलाबी टोप्या हे माझं स्मरण असेल तर ते नंतरच्या काळाचं असेल, राजस्थानचा रंग त्या वर्षी निळा होता. फलकावर मात्र असल्या आठवणी नकोत, आकडेच हवेत.)

आता या मैदानाच्या स्वभावाबद्दल. ते उघडल्यापासूनचा क्रम लावून पाहिला की एक गोष्ट लक्षात येते : दुसऱ्या कुणाची अडचण झाली की मोठा सामना इथे येतो. २०१० मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सना घरी खेळता येईना, त्यांचे काही ‘घरचे’ सामने नेरूळला झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाले आणि आयपीएलच्या दोन्ही उपांत्य लढती तिथून उचलून इथे आणल्या गेल्या. अंतिम सामनाही इथेच, २५ एप्रिलला. चेन्नईने मुंबईला २२ धावांनी हरवलं. २०२२ मध्ये कोरोनामुळे सगळी साखळी मुंबई-पुण्यातच खेळवायची ठरली तेव्हा वीस सामने या मैदानाच्या वाट्याला आले. मुंबईत जागा कमी पडली, बाहेरगावी काही बिनसलं, की नेरूळ. सुनेच्या माहेरी पाहुणे वाढले की शेजारच्या घरातली खोली उघडतात, तसं हे.

एकदा उलटंही झालं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात भारताचे सामने आधी नवी मुंबईत व्हायचे होते, ते दिल्लीला गेले. आम्हाला न्यूझीलंड, तुर्कस्तान, पॅराग्वे, माली मिळाले. शाळेतली पोरं हिरमुसली. पण २५ ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ ने हरवलं, त्यात फेरान तोरेस नावाच्या मुलाचा एक गोल होता. पुढे तोच बार्सिलोनाकडून खेळताना टीव्हीवर दिसायला लागला तेव्हा माझे माजी विद्यार्थी ‘बाई, हा आपल्या नेरूळचा’ म्हणून फोन करायचे. त्याआधी २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी फुटबॉल क्लबचं घरचं मैदानही हेच होतं. क्रिकेटचं मैदान, फुटबॉलचं मैदान, आणि अधूनमधून गाण्यांच्या कार्यक्रमांचं : २०१७ मध्ये जस्टिन बीबर, २०१९ मध्ये यू टू, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन दिवस. त्या तीन दिवसांत सायन-पनवेल हायवेचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गाण्यांवर फलक लावायचे की नाही ते तुम्ही ठरवा, माझा आग्रह नाही.

आता हट्टाची गोष्ट.

११ नोव्हेंबर २००९ ला भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला सातवा एकदिवसीय सामना इथे ठेवला होता. वानखेडे तेव्हा २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधलं जात होतं. मालिका ऑस्ट्रेलियाने आधीच ४-२ अशी खिशात घातली होती, पण नेरूळकरांना त्याचं काय? धोनी, सचिन आपल्या दारात येणार होते. आणि नेमकं त्याच दिवशी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग-मुंबईच्या किनाऱ्यावर आलं. नोव्हेंबरात पाऊस, तोही असा. एकही चेंडू पडला नाही. त्यानंतर भारताच्या पुरुष संघाचा आंतरराष्ट्रीय सामना या मैदानावर झालेला नाही.

म्हणजे या मैदानावरचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट, जेवढं म्हणून आहे तेवढं, बायकांनी खेळलेलं आहे. देशात असं दुसरं मोठं मैदान शोधून काढायला तुम्हाला कष्ट पडतील. पुरुषांची आयपीएल इथे झाली, गाजलीही. पण भारताचं नाव छातीवर लावून इथे जे जिंकलं गेलं ते मुलींनी जिंकलं. हे कोणी ठरवून केलेलं नाही. वादळ, कोरोना, बंगळुरू, वेळापत्रकं, असं सगळं जुळत गेलं. पण झालं आहे खरं, आणि शहराने ते आपलं म्हणावं एवढं ते मोठं आहे.

फुटबॉलपासून सुरुवात करते, कारण क्रम तसाच आहे. २०२२ च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात भरला. २० तारखेला भारत-इराण सामना इथे ०-० बरोबरीत सुटला. २३ तारखेला चायनीज तैपेईशी खेळायचं होतं, पण संघातल्या इतक्या मुलींना कोरोना झाला की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा जणीही संघात उरल्या नाहीत. यजमान संघ स्पर्धेतून बाहेर. तयारी करून, घरच्या मैदानावर येऊन, हॉटेलच्या खोलीत बसून स्पर्धा संपणं म्हणजे काय हे खेळाडूलाच विचारावं. ६ फेब्रुवारीला अंतिम सामना याच मैदानावर झाला. दक्षिण कोरिया २-० ने पुढे होती, चीनने तो ३-२ ने जिंकला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच : स्पेन १, कोलंबिया ०, आणि तो एकमेव गोलही स्वयंगोल.

यानंतर सहा आठवड्यांनी, ११ डिसेंबर २०२२ ला, भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचा टी-ट्वेंटी सामना होता. प्रवेश फुकट. मी शाळेतल्या मुलींची एक तुकडी घेऊन गेले. गेटवर झडती. पाण्याच्या बाटल्या बाहेर, कंपासपेटी बाहेर (एकीने आणली होती, का ते विचारू नका) आणि नाणी बाहेर. नाण्यांनी टपात ढीग झाला होता. करावे गावातली एक मुलगी परतीच्या बसचे पैसे नाण्यांत घेऊन आली होती. तिने एकेक नाणं मोजून टपाच्या कडेला, ढिगापासून वेगळं ठेवलं आणि रखवालदाराला बजावलं, ‘दादा, ही माझी. येताना घेईन.’ दादाने त्या नाण्यांवर आपली टोपी ठेवली.

आत गेलो तर सगळे स्टँड भरलेले. बायकांच्या सामन्याला एवढी गर्दी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुली शेकड्यांनी. ऑस्ट्रेलियाने एक गडी गमावून १८७ केल्या. स्मृती मानधनाने ७९ केल्या, सांगलीची म्हणून आमच्या तुकडीतल्या सांगलीकर मुलीचा आवाज तेव्हाच बसला. शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. पुण्याच्या देविका वैद्यने चौकार मारला आणि सामना बरोबरीत सुटला. मग सुपर ओव्हर, म्हणजे निकालासाठी दोघांना एकेक जादा षटक : भारत २०, ऑस्ट्रेलिया १६. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया तोवर हरलीच नव्हती. कर्णधार हरमनप्रीत आणि तिच्या मुली तिरंगा घेऊन मैदानाला फेरी मारत आमच्या समोरून गेल्या तेव्हा माझ्या बाजूची मुलगी जाळीला एवढी चिकटली होती की गालावर जाळीचे वळ उठले.

स्टेशनकडे चालत येताना तिनेच विचारलं, ‘बाई, याच्याआधी इथे कोण जिंकलंय?’ मी वॉर्नपासून सुरू केलं. तिने मध्येच तोडलं, ‘बायकांमध्ये सांगा ना.’ मी म्हटलं, दीड महिन्यापूर्वी स्पेनच्या मुली जगज्जेत्या झाल्या, इथेच, तुझ्याच वयाच्या. ती थांबलीच. ती राहते या मैदानापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. तिला कोण सांगणार होतं? घरात आयपीएलची चर्चा, वर्गात आयपीएलची चर्चा. माझ्या मागणीचा उगम विचाराल तर तिथे आहे, त्या रस्त्यावर. नाणी, जाताजाता सांगते, टोपीखाली तशीच होती.

पुढचं सगळं वेगाने घडलं. ४ मार्च २०२३, मैदानाच्या उद्घाटनाला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या तारखेला, महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना इथे झाला. हरमनप्रीतच्या ३० चेंडूंत ६५, मुंबईच्या २०७, आणि गुजरात ६४ धावांत गारद. १४३ धावांनी विजय. मग डिसेंबर २०२३, इंग्लंडविरुद्ध कसोटी. भारतात महिलांची कसोटी २०१४ नंतर झालीच नव्हती; मधल्या नऊ वर्षांत किती जणींची कारकीर्द कसोटीवाचून संपली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. १४ तारखेला सुरू झालेला सामना १६ तारखेला संपला. भारताच्या पहिल्या डावात ४२८. दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले, दुसऱ्या डावात ३२ धावांत ४. विजय ३४७ धावांनी, महिलांच्या कसोटीत धावांच्या हिशेबाने सर्वांत मोठा. कसोटीला गर्दी कमी होती. ज्या आल्या त्या मात्र तिन्ही दिवस आल्या.

आणि मग २०२५. इथेही मैदान धावून आलं. एकदिवसीय विश्वचषकाचे मोठे सामने बंगळुरूला ठरले होते. ४ जूनला चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आणि ऑगस्टमध्ये ते सामने नवी मुंबईला आले. त्या गर्दीत मेलेल्यांची आठवण ठेवूनच पुढचं सांगायला हवं. फलकावर ‘मूळ ठिकाण बंगळुरू’ ही ओळही हवी.

२३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध स्मृती आणि प्रतिका रावल दोघींची शतकं. तीन दिवसांनी बांगलादेशचा सामना पावसाने वाहून गेला, आणि त्यात क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा पाय मुरगळला, स्पर्धाच संपली तिची. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावणं गेलं, मूळ संघात नसलेल्या शफालीला. ३० तारखेला उपांत्य सामना. ऑस्ट्रेलिया ३३८. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग कोणी केला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७, हरमनप्रीत ८९, आणि नऊ चेंडू राखून विजय. त्या रात्री आमच्या सोसायटीत ज्या घरांत एरवी साडेनऊला दिवे मालवतात तिथेही टीव्ही चालू होते.

२ नोव्हेंबरला पुन्हा पाऊस. तीनचा सामना पाचला सुरू झाला. खेळपट्टी झाकणारे, पाणी काढणारे, दोऱ्या ओढणारे मैदानावरचे कर्मचारी त्या दुपारी जे राबले ते टीव्हीवर तुकड्यातुकड्यानेच दिसलं. फलकांत एक त्यांच्यासाठी ठेवा. २००९ मध्ये पावसाने जे नेलं ते २०२५ मध्ये त्यांनी जाऊ दिलं नाही. भारताच्या २९८ धावा, त्यात त्या बदली आलेल्या शफालीच्या ८७. वर गोलंदाजीत दोन बळी. दीप्तीच्या ५८ आणि ३९ धावांत ५ बळी. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्व्हार्ट १०१ करून एकटी झुंजली, तिचंही नाव लिहा, आपल्यात तेवढं मोठं मन आहे. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे पळत झेल घेतला आणि ५२ धावांनी विश्वचषक आला. २००५ आणि २०१७ मध्ये अंतिम सामन्यात येऊन हुकलेला.

प्रशिक्षक अमोल मुझुमदार. शारदाश्रम शाळेच्या त्या प्रसिद्ध ६६४ धावांच्या भागीदारीत सचिन-विनोद खेळत होते आणि हा पॅड बांधून बसून राहिला होता, भारताकडून खेळायची संधी याला कधी मिळालीच नाही, हे मुंबईत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याची गोष्ट सगळ्यांनी भरभरून लिहिली, योग्यच केलं. पण त्याच्या न मिळालेल्या संधीबद्दल आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं २०१४ ते २०२३ मध्ये कसोटी न मिळालेल्या एकाही मुलीबद्दल माहीत नाही, हेही नोंदवून ठेवते.

आणखी एक जुनी नोंद, कारण ती आपल्याच परिसरातली. २०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत होता. वानखेडेवर ठरलेले सामने ब्रेबॉर्नवर हलवावे लागले, कारण वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना होता. विश्वचषक सरकला, रणजी नाही. भारतीय संघ गटातच बाद झाला आणि फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर बारा वर्षांनी खाडीच्या या बाजूला, सगळे स्टँड भरून. मधली बारा वर्षं फलकावर दिसली पाहिजेत, नुसता चषक उंचावलेला फोटो लावून भागणार नाही.

आता व्यवहाराचं. नवी मुंबईत भिंती रंगवायची परंपरा तुम्हीच पाडली आहे. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग, नाल्यांच्या कडा, सगळीकडे फ्लेमिंगो, मासे, कोळीणी दिसतात. चांगलं दिसतं, मला आवडतं. त्याच चित्रकारांना हा रस्ता द्या. फ्लेमिंगोच्या शेजारी धावफलक शोभेल. रंग पावसाने उडतो, म्हणून आकडे आणि नावं धातूच्या पट्टीवर, चित्र भिंतीवर, असं केलं तर दुरुस्तीही सोपी.

मजकूर मराठीत आधी, खाली हवं तर हिंदी-इंग्रजी. एका फलकावर एकच सामना. तारीख, कोण विरुद्ध कोण, धावा किंवा गोल, आणि तो सामना इथे कसा आला त्याची एक ओळ. खेळाडूचं गाव माहीत असेल तर गावाचं नाव. अंतिम सामन्यांइतकीच जागा त्या न झालेल्या सामन्यांना द्या : फयानमुळे न पडलेला चेंडू, आणि तेरा जणी न उरल्यामुळे न खेळलेली २३ जानेवारी. मुलींना जिंकलेलं सगळे दाखवतात. हुकलेलंही दाखवलं की खेळ म्हणजे काय ते कळतं.

फलकावर कोणाही नेत्याचा, दादाचा, भाईचा, ताईचा फोटो नको. शुभेच्छुकांची यादी नको. विश्वचषकानंतर चौकाचौकांत जे फ्लेक्स लागले त्यांत हरमनप्रीत कोपऱ्यात पासपोर्ट आकाराची आणि अभिनंदन करणारे पूर्णाकृती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. उद्घाटनाची कोनशिला लावायचीच असेल तर गुडघ्याच्या उंचीवर लावा.

हद्दीचा प्रश्न निघेल, याची मला कल्पना आहे. स्टेशनाच्या आवाराला एक कार्यालय, रस्त्याला दुसरं, स्टेडियमच्या कुंपणाला संस्था. म्हणूनच पत्र दोघांनाही लिहिलं आहे आणि संस्थेला प्रत पाठवत आहे. स्टेशनबाहेरचा पहिला फलक सिडकोने लावावा, रस्त्यावरचे महापालिकेने, आणि शेवटचा, २ नोव्हेंबरचा, संस्थेने आपल्या कुंपणावर. तिघांपैकी एकाने सुरुवात केली की बाकीच्या दोघांना मागे राहणं अवघड जाईल, असा माझा शाळेतला अनुभव आहे.

महापालिकेच्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलींना एकदा हा रस्ता चालवत न्यावं, ही उपसूचना. त्यासाठी बस लागत नाही, एक पीटीचा तास आणि एक शिक्षक पुरतो. नंतर त्यांना यशवंतराव चव्हाण क्रीडांगणावर किंवा बेलापूरच्या राजीव गांधी मैदानावर तासभर खेळायला सोडलं तर आणखी चांगलं. तिथे मुलींना कपडे बदलायला बंद होणारं दार असेल एवढं मात्र आधी पाहून ठेवावं.

तारीख मी सुचवते : ४ मार्च. परीक्षा जवळ असल्या तरी सकाळी तासभर निघतो.

सगळ्या फलकांचा मराठी मजकूर मी लिहून ठेवला आहे, प्रत्येकी साठ-सत्तर शब्दांत. आकडे कोणा जाणत्या क्रीडा पत्रकाराकडून तपासून घ्यावेत. तो मजकूर कोणत्या विभागात, कोणाच्या टेबलावर आणून द्यायचा, तेवढं कळवावं.

आपली,
नेरूळची एक निवृत्त क्रीडाशिक्षिका

प्रत : स्टेडियम व्यवस्थापन, डी. वाय. पाटील विद्यानगर, नेरूळ